लाँचच्या नळीचे कोपर

मारोती मिस्त्री कोणत्याही वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी तिला ठोकून बघत. कमरेच्या चामडी वादीत एक छोटी हातोडी कायम अडकवलेली असे. बाजारात नवी घागर दिसली की टक्. देशमुखांच्या बैठकीतला सागवानी खांब, टक्. एकदा तहसिलीचा पेशकार मोठ्या दिमाखात तिजोरी घेऊन मुक्कामाला आला होता. मिस्त्रींनी त्याच्या देखत तिच्यावर हातोडी मारली आणि सांगितले, "पत्रा हाय साहेब. रंग तेवढा तिजोरीचा हाय." पेशकार भडकला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "माज्यावर कामून चिडता? तिच्यावर चिडा."

अशा माणसाबद्दल मी लिहायला बसलो आहे आणि मला थोडी भीती वाटते. औरंगाबादच्या कॉलेजात आम्हाला निबंध शिकवतात. पण मिस्त्रींनी माझ्या वाक्यांवर हातोडी मारली तर त्यातली किती खणखणीत वाजतील, कोण जाणे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटीला हात लावलेला नाही. त्यामुळे चुकेल ते सांभाळून घ्यावे.

मिस्त्री मूळचे दिंद्रुडचे लोहार. सेलूकडच्या एका जिनिंगमध्ये इंजिनावर वीस वर्षे काढलेली. आमच्या गोदाकाठच्या गावी ते आले ते देशमुखांच्या लाँचमुळे. कुठल्याशा जहागीरदाराकडे मोटार आहे हे ऐकून देशमुखांनी त्याच्यावर ताण म्हणून मुंबईहून मोटारलाँच आणवली. श्रावणापासून कार्तिकापर्यंत ती पाण्यात चाले. उरलेले आठ महिने वाळूत बसे. तिच्यावर पाचटाचे छप्पर, शेजारी एक राखणदार आणि पितळी कठड्याला रोज चिंचेचा कोळ. मिस्त्री म्हणत, "नदीला पानी चार महिने, ऐट बारा महिने."

देशमुखांविषयी त्यांचे मत फारसे चांगले नव्हते, पण त्यांचा खरा राग बापूराव कारभाऱ्यांवर होता. नारळ फोडल्यावर इंजिन लवकर चालू होते, अशी कारभाऱ्यांची समजूत होती आणि फोडलेला नारळ ते स्वतःच घरी नेत. इंजिनाचा आवाज बदलला की नवा रंग द्यायचा, हा त्यांचा दुसरा उपाय. "ह्या माणसाला ताप आला तर ह्यो नवं धोतर नेसंल," असे मिस्त्री चारचौघांत बोलत. कारभारी ते ऐकून न ऐकल्यासारखे करत आणि मनात ठेवत.

मी दिवाळीच्या सुट्टीत गावी आलो होतो, त्या वेळची गोष्ट. देशमुखांच्या सूनबाईंना सातवा महिना लागला होता. नावेतले डोहाळजेवण आपल्याकडे सगळेच करतात. कुणी अंगणात पाट मांडून त्याची नाव करतो, कुणी फुलांची करतो. देशमुखांकडे खरी लाँच होती, तेव्हा जेवण लाँचमध्ये, भर पात्रात व्हायचे ठरले. बायका गोषातल्या. म्हणून लाँचवरच्या खोलीच्या चारी बाजूंनी कॅनव्हासचे पडदे सोडून ते खालपर्यंत दोऱ्यांनी बांधायचे, असा हुकूम सुटला. आत पंधरा बायका, मध्ये सूनबाई.

त्या खोलीच्या पुढच्या टोकाला लाकडी पेटीखाली इंजिन होते. त्याचा धूर नेणारी नळी खोलीच्या फळ्यांखालून मागे, पाण्यापर्यंत जाई. इंजिनापासून निघताना नळीला जिथे वळण होते, त्या जाड ओतीव तुकड्याला मिस्त्री कोपर म्हणत. तिथेच नळीत नदीचे पाणी मिसळून धूर थंड होई. गोदेचा गाळ चार वर्षे त्यात साचला होता. मिस्त्रींनी हातोडी मारली. कोपर बद्द वाजले. त्यांनी कारभाऱ्यांना सांगितले की कोपर आतून कुजले आहे, जोडातून धूर फुटतो आहे आणि कोपर बदलल्याशिवाय इंजिन चालू करणार नाही.

बरे, नवे कोपर गावातच होते. मुंबईहून वर्षापूर्वीच आले होते. पण खोके उघडल्यावर त्याचा घाट देशमुखांना इतका आवडला, की ते बैठकीतल्या टेबलावर मखमलीवर मांडले गेले. पाहुणे विचारत, हे काय? देशमुख म्हणत, विलायती आहे. त्याच खोक्यातली, जोडात घालायची चकती आगीला दाद देत नाही हे कळल्यावर ती हुक्क्याच्या विस्तवाखाली गेली. आता डोहाळजेवणाला नगरपासून पाहुणे येणार आणि टेबल मोकळे दिसणार, ही कारभाऱ्यांची अडचण होती. कार्य उरकल्यावर बघू, असे ते म्हणाले.

मिस्त्री हटेनात. तेव्हा कारभाऱ्यांनी मला बोलावले. इंजिनाबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक माझ्या हातात दिले आणि देशमुखांसमोर उभे केले. जाताजाता माझ्या कानाशी म्हणाले, बोर्डिंगात तुला जागा मिळाली ती सरकारांच्या चिठ्ठीवर, पुढच्या वर्षीही चिठ्ठी लागेल. बस, एवढेच. त्यांनी मला खोटे बोलायला सांगितले नाही.

मिस्त्रीही तिथेच होते. मी ओळीवर बोट ठेवून वाचले. नळी व कोपर दर मोसमात तपासावे, हे मोठ्याने सांगितले. त्याच्या खालच्या दोन ओळीही मला दिसल्या. धूर गळत असेल तर बंद जागेत माणसे बसवू नयेत. हा धूर विषारी असतो, वासावरून तो ओळखता येतोच असे नाही आणि माणूस झोपेतल्यासारखा मरतो. त्या ओळी मी डोळ्यांनी वाचल्या. देशमुखांनी विचारले, आणखी काही? मी म्हणालो, "एवढंच आहे, सरकार."

कारभाऱ्यांना तेवढे पुरले. तपासायला सांगितले आहे, मिस्त्रींनी तपासले आहे, झाले की! वास आलाच तर खोलीत ऊद जाळू. मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिले. ते चिडले नव्हते. पेशकाराच्या तिजोरीकडे पाहिले होते तसे पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देशमुख फुलांची सजावट बघायला घाटावर आले. इंजिन चालू होते. पडदे खालपर्यंत बांधलेले, आतून उदाचा वास. कारभाऱ्यांनी खुश होऊन विचारले, का मिस्त्री, अखेर चालू केलेच ना? देशमुख विडा चघळत राहिले, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, तेव्हा मिस्त्रींनी इंजिन बंद केले, एका बाजूचा पडदा उघडला आणि आतून एक दुरडी काढून देशमुखांच्या पायाशी ठेवली. दुरडीत कारभाऱ्यांच्या परसातला पांढरा कोंबडा होता. मान एका अंगाला टाकलेली. अंगावर ओरखडा नाही. तुरा तर नेहमीपेक्षाही लाल दिसत होता.

"लई निवांत झोपला, सरकार," मिस्त्री म्हणाले. "ऊद बी होता, फुलं बी होती. उद्या ह्याच्या जागी सूनबाई बसत्याल."

देशमुखांनी तोंडातला विडा थुंकला आणि स्वतः बैठकीकडे चालत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत मखमलीसकट ते कोपर होते. मागून नोकर हुक्क्याखालची चकती घेऊन धावत होता.

तो सगळा दिवस मिस्त्री इंजिनापाशी वाकलेले होते. नट गंजून घट्ट बसले होते. त्यांवर रॉकेल सोडायचे, थांबायचे, हळूच हिसका द्यायचा. एक बोल्ट तुटलाच. तो हातबर्म्याने भोक पाडून काढावा लागला. मी पुस्तक घेऊन शेजारी बसलो होतो. मला कुणी बसवले नव्हते. दर थोड्या वेळाने ते न बघता विचारत, "म्होरं काय लिव्हलंय?" आणि मी सगळे वाचत असे, छापखान्याचे नावसुद्धा. जुने कोपर सुटले तेव्हा त्यांनी त्यावर अंगठा दाबला. अंगठा आरपार गेला. संध्याकाळी नवीन कोपर बसवून, जोडांना साबणाचा फेस लावून त्यांनी इंजिन चालू केले. फेसात एकही बुडबुडा आला नाही. त्यांनी हातोडीने एकदा ठोकले. इंजिनाच्या धडधडीतही तो खणखणीत आवाज मला ऐकू आला.

डोहाळजेवण थाटात झाले. पडद्याआडून बायकांची गाणी ऐकू येत होती. लाँच परत घाटाला लागली, सूनबाई आपल्या पायांनी उतरल्या. टेबल मोकळे का, असे एकाही पाहुण्याने विचारले नाही.

चौथ्या दिवशी मिस्त्रींना काढून टाकले. ओटी भरायच्या नावेत आदल्या दिवशी मुका जीव मारला, मोठा अपशकुन केला, असे कारभाऱ्यांनी वाड्यात पसरवले होते. घरच्या बायका घाबरल्या. गोमूत्र शिंपडून लाँच शुद्ध केली गेली. देशमुखांनी सगळे डोळ्यांनी पाहिले होते, पण त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नाही. एवढी जमीन, एवढी माणसे आणि एक शब्द नाही. मला त्यांची कीव आली, मग माझीच आली. कारण न बोलण्यात मी त्यांच्याही पुढे होतो.

मिस्त्री आष्टीच्या वाटेने नगरला निघाले. त्यांची हत्यारांची पेटी मी बैलगाडीपर्यंत नेली. वाटेत मी माफी मागायला सुरुवात केली, पण मला वाक्य जुळवता येईना. शेवटी म्हणालो, "मिस्त्रीकाका, तुमचा काहीच दोष नव्हता."

"वाचलेली माणसं कुनाला दिसत न्हाईत, मेलेला कोंबडा सगळ्यास्नी दिसतो," ते म्हणाले. "मला त्याचं काई न्हाई. जिनिंगं लई हायत."

मग गाडीत बसता बसता त्यांनी माझ्या उजव्या हाताचे बोट धरले. "मला अक्षर येत न्हाई, बे. पर तवा तुजं बोट दोन वळी खाली गेलतं, आन तोंड वरच थांबलतं. मी तवाच वळखलं. तू बोल्ला अस्तास तर त्या कोंबड्याची गरज नव्हती."

त्यांनी पेटी उघडून ते कुजलेले कोपर काढले आणि माझ्या हातात दिले. कशासाठी, ते सांगितले नाही. गाडी निघाली.

ते कोपर आता बोर्डिंगात माझ्या टेबलावर आहे. त्याखाली मखमल नाही. मिस्त्रींच्या अंगठ्याचे भोक तसेच आहे आणि त्यातून अजून गंज गळतो. पुढच्या वर्षीच्या चिठ्ठीसाठी मी देशमुखांकडे गेलो नाही. फी कशी भरायची ते अजून ठरलेले नाही. खोलीतला सोबती विचारतो, हे भंगार कशाला ठेवलेस? मी हातातल्या दौतीच्या बुडाने त्यावर ठोकतो आणि त्याला आवाज ऐकवतो. त्याला त्यातले काही कळत नाही. मग मी त्याला ही सगळी गोष्ट सांगतो, आणि त्या दोन ओळींशी आलो की माझे बोट अजूनही टेबलावर खाली सरकते.