माझ्या कानांची परीक्षा मीच घेतली

पहिलं भजन सुरू होऊन दहा सेकंदही झाले नसतील, तेवढ्यात पेटी वाजवणाऱ्या काकूंनी पदर सावरल्यासारखं करत कानातलं मशीन काढलं आणि पर्समध्ये ठेवून दिलं. मला वाटलं, वा! मशीनशिवायही स्पष्ट ऐकू येतंय त्यांना, इतकं आपलं काम चोख झालंय. मी आवाज आणखी थोडा वाढवला.

हे घडलं आमच्याच दिवाणखान्यात, रविवारी सकाळी, पोह्यांच्या बशा हातात असताना. बायकोचं भजनी मंडळ नारायण पेठेतलं, नऊ जणींचं. मंडळाला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती, म्हणून आठ भजनं ध्वनिमुद्रित करून कार्यक्रमात लावायची आणि परदेशी गेलेल्या मुलानातवंडांना पाठवायची असं ठरलं होतं. स्टुडिओत जायचं म्हटल्यावर निम्म्या जणींना घाम फुटला. तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो होतो, "स्टुडिओ कशाला? मी आहे की!"

माझा स्टुडिओ म्हणजे शनिवार पेठेतल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर तीन गोधड्या टाकल्या की गाणाऱ्यांचं दालन तयार. एक माईक, एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि हेडफोन. एका वेळी दोघीच मावायच्या, त्यामुळे मंडळ हप्त्याहप्त्याने गायलं. शेजारच्यांचा मिक्सर थांबला की मी हात वर करायचो आणि त्या सुरू व्हायच्या. महिनाभर खपून मी सगळ्यांचे आवाज, पेटी, तबला, टाळ एकत्र बसवले. ते काम चालू असताना त्या खोलीत मी कोणाला येऊ देत नसे. ही कानांची बाब आहे, असं मी घरात गंभीरपणे सांगून ठेवलं होतं.

तर भजन संपलं. कोणी बोलेना. शेवटी टाळ वाजवणाऱ्या बाई, ज्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत, बशी खाली ठेवून म्हणाल्या, "माझे टाळ इतके दणदणीत वाजतात हे मला माहीत नव्हतं. छान. आता भजनही ऐकवा."

"आणि प्रत्येक 'स'ला कुकरची वाफ सुटल्यासारखी का सुटते हो?" दुसऱ्या कोणीतरी विचारलं.

मी म्हणालो, स्पीकर जुने झालेत. त्यावर काकू अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्हाला ऑफिसही असतं. उगाच त्रास नको. कार्यक्रमाला तीन आठवडे आहेत, बाहेरून करून घेऊ आपण." आमच्या पेठांमध्ये कोणी इतक्या गोड आवाजात बोललं की समजावं, प्रकरण हातचं गेलं.

त्या गेल्यावर मी लेकीला बोलावलं. ती तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिला हेडफोन दिले. तिने अर्ध्या मिनिटात काढून टाकले.

"बाबा, सिरियसली, दातांतून कळ गेली."

"कुठे नेमकं?"

"नेमकं काय? पूर्ण गाणंभर! ते टाळ. तुला ऐकू येत नाहीये का?"

आता हा प्रश्न माझ्यासारख्याला विचारणं म्हणजे आचाऱ्याला चव कळते का विचारण्यासारखं. मी तडक मागच्या खोलीत गेलो आणि दार लावून एक छोटा प्रोग्राम लिहायला बसलो. खराडीतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतो. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, हे मला वीस वर्षं जमलेलं आहे. तेव्हा कान तपासायचा प्रोग्राम म्हणजे तासाभराचं काम. एकेक सूर वाजेल, खर्जापासून चढत चढत पार शिट्टीच्या वरपर्यंत. ऐकू आला की बटण दाबायचं. शेवटी गुण दिसतील.

मला शंभरपैकी शंभर मिळाले.

मी तो कागद छापून स्वयंपाकघरात नेला. बायको शाळेत गणित शिकवते. ती सहामाहीचे पेपर तपासत बसली होती. तिने कागद वाचला, लाल पेनचं टोपण लावलं आणि म्हणाली, "पेपर कोणी काढला?"

"मी."

"सोडवला?"

"मीच."

"तपासलात पण तुम्हीच. अहो, मग बोर्डात कसे नाही आलात?"

ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने तो तपासायचा नाही, हे ऑफिसात नव्या पोरापोरींना पहिल्या दिवशी मीच सांगतो. त्याला काय दिसायला हवं ते आधीच ठाऊक असतं, म्हणून ते त्याला दिसतंच. मी परत जाऊन पाहिलं. सूर वाजला की पडद्यावर एक हिरवी रेष हलत होती. रेष हलली की मला ऐकू येत होतं. घरी गाणी करणाऱ्या आम्हा लोकांची ही खोडच आहे. वर्षानुवर्षं पडद्यावर आवाजाचे डोंगर बघत बसतो आणि डोळ्यांनी बघितलेलं कानांच्या नावावर जमा करतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकीने माझा प्रोग्राम बदलला. सूर कसेही मागेपुढे येणार, मधली अंतरं कमीजास्त, काही वेळा नुसतीच शांतता. माझी खुर्ची कपाटाकडे तोंड करून ठेवली. ऐकू आलं की बोट वर करायचं. लेक कॉम्प्युटरवर, तिच्याही कानांवर हेडफोन, आणि बायको वही घेऊन पर्यवेक्षक.

सुरुवातीला बरं चाललं होतं. मग बराच वेळ काही आलं नाही. मी वाट बघत बसलो. माझ्या समोरच्या कपाटाला आरसा आहे हे तिघांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सहज माझी नजर त्यात गेली. लेकीने नाक मुरडलं होतं आणि एका हाताने हेडफोन कानापासून दूर धरला होता. इतकं टोचणारं काहीतरी त्या क्षणी वाजत होतं. माझ्या कानात पंख्याचा आवाज होता फक्त.

बोट उचलणं सोपं होतं. आरशात दिसतच होतं की आता सूर चालू आहे. खरं सांगायचं तर बोट अर्धं उचललंही गेलं होतं. ते मी खाली घेतलं, आणि डोळे मिटून घेतले. उरलेली परीक्षा मी मिटल्या डोळ्यांनी दिली.

बायकोने वही पुढे केली. वरचे सूर जवळजवळ सगळे कोरे. डावा कान उजव्यापेक्षा वाईट. आणि खाली एक वेगळी ओळ.

"अकरा वेळा तुम्ही बोट वर केलंत तेव्हा काहीही वाजत नव्हतं," ती म्हणाली. "हे काय होतं?"

"आत्मविश्वास," मी म्हणालो.

दोघीही हसल्या नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

कारणं शोधायला लांब जावं लागलं नाही. बारा वर्षं मी गणपतीत ताशा वाजवला. कानात कापूस घालणाऱ्यांना आम्ही हसायचो. पुढे नोकरी खराडीला लागली. कंपनीच्या बसमध्ये जायला सव्वा तास, यायला दीड. रस्त्यावरचे हॉर्न बुडतील एवढ्या आवाजात मी हेडफोनवर गाणी ऐकत जायचो, आणि त्याला रियाज म्हणायचो.

शनिवारी डेक्कनवरच्या एका श्रवणतज्ज्ञ बाईंकडे गेलो. लेकीहून चारपाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी मला काचेच्या बंद खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. बाहेर आल्यावर आलेख दाखवला. रेष निम्म्यापर्यंत शहाण्यासारखी आडवी जात होती आणि मग बागेतल्या घसरगुंडीसारखी खाली. मी त्यांना घरच्या चाचणीची वही दाखवली.

"हेडफोन कुठले, आवाज किती, पंखा चालू," त्या म्हणाल्या. "यावरून निदान नाही करता येत काका. पण यावरून तुम्ही इथे आलात ना, तेवढा उपयोग झाला."

"गेलेलं परत येईल?"

"नाही. आहे ते सांभाळायचं. मोठे आवाज टाळा, दरवर्षी तपासून घ्या. मशीनचं पुढच्या वेळी बोलू."

"मी गाणी करतो. म्हणजे घरीच."

"करा की. फक्त जे तुम्हाला ऐकू येत नाही, ते तिथे नाहीच असं समजू नका."

मला टाळ ऐकू येत नव्हते म्हणून मी ते वाढवत गेलो होतो. 'स' आणि 'श' बोथट वाटले म्हणून त्यांना धार लावत गेलो होतो. मी गमावलेलं सगळं मी त्या नऊ बायकांच्या कानांत भरत होतो.

दोन दिवस मी मागच्या खोलीचं दार उघडलं नाही. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवला. तिसऱ्या दिवशी बसमध्ये, पहिल्यांदाच हेडफोन न लावता, येरवड्याच्या वाहतुकीत अडकलेलो असताना मी ठरवलं की भजनं मीच पुरी करणार. कान निम्मे गेले असतील. दिलेला शब्द पूर्णच होता. पण आधी मंडळाला खरं सांगायचं.

सांगितलं. नऊ जणींसमोर, चुकलेल्या विद्यार्थ्यासारखं उभं राहून. वरचे सूर मला ऐकू येत नाहीत, म्हणून हे असं झालं, आणखी आठ-दहा दिवस द्या. काकू म्हणाल्या, "एवढंच ना? मला वाटलं आमचं गाणं ऐकवत नाही म्हणून टाळांखाली झाकलंत." बाकीच्या हसल्या. काकूंनी स्वतःचं मशीन काढून तळहातावर ठेवून मला दाखवलं, कसं बसवायचं, कुठे टोचतं, बॅटरी कधी दगा देते. "लाजू नका," त्या म्हणाल्या. "मी तीन वर्षं लाजले आणि तीन वर्षं पेटी भलत्याच पट्टीत वाजवली. कोणी सांगितलं नाही मेलं."

त्या दिवसापासून मागच्या खोलीचं दार उघडं राहू लागलं. संध्याकाळी एकच भजन, आवाज बेताचा, वीस मिनिटांनी विश्रांती. पडद्याला मी वर्तमानपत्राचा कागद चिकटवला. माणसांचे आवाज, पेटी, तबला माझ्याकडे. टाळ आणि 'स'-'श' यांसारखं वरच्या सुरांचं सगळं बायको आणि लेकीच्या हाती. सवय मोडणं सोपं नव्हतं.

"टाळ?" मी विचारायचो.

"कमी," दोघी एकदम.

"आता?"

"अजून कमी."

"अहो, मला आता टाळ ऐकूच येत नाहीत!"

"आम्हाला येतात," बायको. "पुढे चला."

माझा हात तिथून निघत नसे. ज्या जागी मला वाटत होतं की टाळ मेले, त्या जागी ते दोघींच्या मते पहिल्यांदा नीट वाजू लागले होते. स्वतःच्या कामातला एक तुकडा आपल्याला कधीच ऐकू येणार नाही, तो दुसऱ्याच्या शब्दावर सोडून द्यायचा, हे मी त्या आठ संध्याकाळी शिकलो. चिडून एकदा खोलीबाहेरही गेलो. चहा पिऊन परत आलो. आठही भजनं पुरी केली.

कार्यक्रमाला पाच दिवस असताना मंडळ परत दिवाणखान्यात जमलं. भजन लागलं. मी काकूंच्या हाताकडे बघत होतो. हात मांडीवर होता, ताल देत होता. मुख्याध्यापिका बाईंनी डोळे मिटले होते. भजन संपलं, आणि पुन्हा कोणी बोलेना. माझा जीव टांगणीला.

"दुसऱ्या कडव्यात सुरातून कोण उतरलंय?" मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या.

"मी नाही," तिघी एकदम म्हणाल्या.

मग जे सुरू झालं ते अर्धा तास चाललं. कोणाचा श्वास कमी पडला, कोण शब्द खाऊन गेली, कोण आधीच सुटली. पंचवीस वर्षांत त्यांनी स्वतःला इतकं स्पष्ट कधी ऐकलं नव्हतं. माझ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. बाहेरून करून घ्यायचा विषयही कोणाच्या तोंडी आला नाही. जाताना काकूंनी फक्त एवढं विचारलं, "पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाचंही तुम्हीच कराल ना?"

सगळ्या गेल्यावर मी कप विसळत होतो, बायको पुसत होती. शेवटचा कप पुसता पुसता ती म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात मी उतरले होते."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

तिने कप फळीवर ठेवला. "म्हणजे मी जिथे चुकते, तिथलं तुम्हाला अजून नीट ऐकू येतं," ती म्हणाली. "मग इतके दिवस गप्प का बसलात? उद्या शाळेतून आले की गोधड्या टाका, माझं कडवं परत घेऊ."