वन्संचा चिमटा

माझ्या नणंदेच्या गोठ्यात शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. फरशी घासलेली, गव्हाणी पुसलेल्या, आणि शेळ्यांना पाणी प्यायला स्टीलची घमेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, इथे शेळ्यांनीच आपल्याला बसायला सांगायचं बाकी आहे.

वन्संची सगळी नोकरी दवाखान्याच्या लाँड्रीत गेली. रक्तापुवाच्या चादरी उकळायच्या, चोळायच्या, पांढऱ्याशुभ्र करून वॉर्डात पाठवायच्या. "घाण राहिली की आजार आलाच म्हणून समज," हे त्या मला मी नवी सून होते तेव्हापासून ऐकवत. पुढे नोकरी संपली, दोघी मुली लग्न होऊन लांब गेल्या आणि वन्संनी शेळ्या पाळल्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. ते म्हणत, "हिला घासायला घर पुरेना, म्हणून शेळ्या आणल्या."

यजमानांचा नाजूक चिमटा, ज्याने ते घड्याळातली चाकं उचलत, तो वन्संनी केव्हाच पळवला होता. रोज दुपारी त्या पाटावर बसून एकेका शेळीला मांडीशी घेत आणि केस विंचरल्यासारखे बाजूला सारत कानामागे, शेपटीखाली, कासेजवळ, खुरांच्या बेचक्यात बघत. गोचीड दिसला की चिमट्यात धरायचा, अलगद ओढायचा आणि रॉकेलच्या डबीत टाकायचा. लहानपणी मुलींच्या उवा काढतानाही त्यांचा चेहरा असाच असे. करडांना तर मोठी होईपर्यंत उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसत. त्यांच्यासाठी मागच्या रिकाम्या जागेतलं गवत कापून, गच्चीवर उन्हात पसरून, झटकून मगच आत यायचं.

"माझ्या चिमट्याला बढती मिळाली," यजमान म्हणत. "घड्याळातून थेट शेळ्यांच्या खात्यात."

कुंपणापलीकडच्या मेंढीवाल्याला वन्सं मळकट म्हणत, अर्थात त्याच्या माघारी. त्याच्या मेंढ्या गुडघ्यापर्यंत चिखलात आणि लोकरीत काय काय दडलेलं. तो कुंपणावर हात ठेवून विचारायचा, "काय ताई, आज कोणाच्या नखांची तपासणी? पोरींना दप्तरं कधी घेताय?"

"तू आधी तुझ्या मेंढ्यांना आंघोळ घाल. मग बोल."

त्या वर्षी मागच्या जागेत गोदामाचा पाया खणला गेला आणि गवत संपलं. विकतची वैरण परवडेना. शेवटी वन्संनीच कुंपणाशी जाऊन, मान दुसरीकडे वळवून, मेंढीवाल्याला विचारलं, माझ्याही शेळ्या कालव्याकाठी घेऊन जाशील का म्हणून. तो बिचारा लगेच हो म्हणाला. रोज शेळ्या परतल्या की वन्सं चिमटा घेऊन बसत, आणि आता डबी पटापट भरे.

थोडे दिवस बरे गेले. मग एका सकाळी त्यांचा फोन आला. "अगं, ये ना जरा. बोकड भिंतीला डोकं लावून उभा आहे."

मी मागच्याच गल्लीत राहते. पोचले तेव्हा तो पांढरा बोकड रिकाम्या तोंडाने काहीतरी चघळत होता. अंग चटका बसावा इतकं तापलेलं. वन्संनी त्याला अंगणात आणलं, तर तो चालू लागला, पण कसा? पुढचे पाय एकेक करून उंच उचलत, जणू समोर जिना आहे आणि तो फक्त त्यालाच दिसतो आहे. सपाट अंगणात तो हा जिना चढत राहिला. मग गोल गोल फिरला, आडवा पडला आणि पडल्या पडल्या पाय मारत राहिला. यजमान भिंग कपाळावर तसंच ठेवून दारात उभे होते. दुपारपर्यंत सगळं संपलं.

दुसऱ्या दिवशी काळी शेळी तो जिना चढू लागली.

वन्सं कुंपणाकडे धावल्या. "काय घातलंस रे माझ्या जनावरांना?"

मेंढीवाल्याचा चेहरा उतरला. "ताई, पोरांची शपथ. त्याच गवतात माझीही चरतात."

खरी भीती मला तिथे वाटली. कारण त्याच्या मेंढ्या त्याच्या मागेच उभ्या होत्या. चिखलाने माखलेल्या, एकीच्या कानावर टपोरा गोचीड लोंबत असलेला, आणि सगळ्या निवांत रवंथ करत होत्या.

जनावरांची डॉक्टर तरुण मुलगी होती. काळी शेळीही गेली, तेव्हा तिने परसात गोणपाटावर तिला उघडून पाहिलं. छातीत पाणी साचलं होतं, पेंढ्याच्या रंगाचं. हृदयाभोवतीची पिशवी फुगली होती आणि हृदय त्यात बुडालं होतं.

"गोचिडातून येणारा जिवाणू आहे," ती हात धूत म्हणाली. "चावताना रक्तात शिरतो."

"पण मी रोज काढते! एकूण एक काढते!"

"एखादा राहिलाच असेल, काकू. एखादाही पुरतो."

"आणि याच्या मेंढ्या? त्यांच्यावर तर पिकलेत!"

डॉक्टरने कुंपणापलीकडे पाहिलं. "त्या जन्मापासून कालव्याकाठी चरल्या. अगदी लहानपणीच त्यांना गोचीड चावले, बारीकसा ताप आला, गेला. शरीराला ओळख झाली. तुमच्या शेळ्यांना ही ओळख कधी झालीच नाही."

वन्सं पाटावर बसल्या. "म्हणजे मी काढले म्हणून?"

"तुम्हाला कसं माहीत असणार? गोठ्यातच राहिल्या असत्या तर काही झालंही नसतं," डॉक्टर म्हणाली. पण वन्सं ऐकत नव्हत्या. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या.

औषध होतं, पण ताप चढताच द्यायला हवं. पाय उचलायला लागल्यावर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. डॉक्टरने थर्मामीटरवर वन्संच्या मुलीच्या जुन्या नेलपॉलिशने एक लाल रेघ काढून दिली. पारा रेघेच्या पुढे गेला की सुई. सुई कशी टोचायची तेही वन्संकडून करून घेतलं.

तिथून पुढे सगळा दिवस त्यातच जाई. सकाळ-संध्याकाळ एकेक शेळी, दर वेळी तो पारा. वन्सं थर्मामीटर उजेडात धरत आणि मी वाचून सांगायची. मधल्या वेळात त्या शेळ्यांचे पाय बघत बसत. एखादीने माशी उडवायला पाय झटकला तरी, "उचलला का गं? उंच उचलला का?"

सगळ्यात जीव अडकला होता पुरवणीत. ती जुळ्यांच्या पाठोपाठ तिसरी जन्मली, म्हणून यजमानांनी ठेवलेलं नाव. वन्संनी बाटलीने पाजून जगवलेली, आणि आता गाभण. सगळ्यात शेवटी, इतर शेळ्या सावरू लागल्यावर, तिचाच पारा रेघेपलीकडे गेला. वन्संनी सुई भरली. "तू धर," एवढंच म्हणाल्या. मी धरलं. पुरवणीचं हृदय माझ्या तळव्याखाली धडधडत होतं आणि मला सारखं ते पेंढ्याच्या रंगाचं पाणी दिसत होतं. त्यापुढचे दिवस वन्सं गोठ्यातच जेवल्या.

पुरवणी वाचली. तिने एक तपकिरी पाट, म्हणजे मादी करडू, दिली; दांडगी, जन्मल्या जन्मल्या लाथ मारणारी. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडतो न सोडतो तोच डॉक्टर म्हणाली, "काकू, हिला आत्ताच चरायला न्या."

"कुठे?"

"कालव्याकाठी. पहिल्या काही दिवसांत पिल्लांच्या अंगात या आजाराला तोंड द्यायची ताकद असते. आत्ता गोचीड चावला तर बहुतेक पिल्लं निभावून जातात. मोठी झाल्यावर तीच मरतात. तुम्हाला पुढे बाहेर चारायच्याच असतील तर दुसरा रस्ता नाही."

"बहुतेक म्हणजे सगळी नव्हेत ना?"

"नाही," ती म्हणाली. "सगळी नव्हेत. म्हणून रोज ताप बघायचा. औषध घरात आहेच."

वन्संनी पाटीला पोटाशी धरून नेलं. मी सोबत होते, मेंढीवाला पुढे. त्या दिवशी त्याने एकही टोमणा मारला नाही. कालव्याकाठी गवत पोटरीपर्यंत होतं. वन्सं किती तरी वेळ तिला खाली ठेवेनात. शेवटी मेंढीवालाच हळूच म्हणाला, "ताई, ठेवा. मी उभा आहे इथे."

त्यांनी ठेवलं. पाट उड्या मारत गवतात शिरली आणि परत आली तेव्हा तिच्या कानाच्या कडेवर एक बारका ठिपका चालत होता. वन्संचा हात आपोआप कमरेच्या पिशवीत गेला. चिमटा बाहेर आला, उघडला, कानापर्यंत पोचला. तिथे तो उघडाच थांबला. ठिपका कानाच्या आत सरकला. वन्संच्या तोंडून बोट दारात चेमटल्यासारखा आवाज निघाला आणि त्यांनी चिमटा माझ्या हातात कोंबला.

"घे. परत मागितला तरी देऊ नकोस."

परतताना वाटेतच त्यांनी हात पुढे केला. मी दिला नाही. रागाने माझ्याकडे बघत त्या पुढे चालू लागल्या.

काही दिवसांनी पाटीला ताप आला. पारा लाल रेघेला टेकला आणि तिथेच थांबला. वन्सं भरलेली सुई घेऊन शेजारी बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी पारा खाली उतरला. तरी त्यांचा विश्वास बसेना.

त्यानंतर एका सकाळी मी गेले, तर वन्सं अंगणात किंचाळत होत्या, "पाय बघ! अगं, पाय उंच उचलतेय!" यजमान हातातलं घड्याळ टाकून धावले. पाट खरंच पुढचे पाय एकेक करून उंच उचलत होती.

ओटीच्या पायऱ्या चढत होती ती. खऱ्या, दगडी पायऱ्या. वर पोचली, यजमानांच्या टेबलाखाली शिरली आणि घड्याळाचा पट्टा चघळू लागली.

यजमान हसत सुटले. वन्सं हसल्या नाहीत. छातीवर हात दाबून, पाट परत खाली उतरेपर्यंत तिचे पाय बघत उभ्या राहिल्या.