तोंडातल्या टाचण्या

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींना सगळे टाचणी मावशी म्हणतात. ओठांत कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं म्हणजे "हं", "अंहं" आणि भुवया. फ्रॉकचा घेर किती ठेवायचा, हेही त्या भुवयांनीच विचारतात. खिडकीखाली मशीन, भिंतीवर खडूने लिहिलेली मापं आणि बटणांचा पत्र्याचा डबा, एवढंच त्यांचं दुकान.

वीस-बावीस वर्षं त्यांनी दोरा दातांनी तोडला. कात्री हाताशी असायची, पण ती उचला, ठेवा, पुन्हा कापडाखाली शोधा, एवढी सवड कुणाला? पुढच्या दातांना आधी खाच पडली. मग एक अर्धा तुटला, दुसरा हलायला लागला, शेवटी दोन्ही काढावे लागले. दोन दातांची काढता-घालता येणारी कवळी त्यांनी हौसेने करून घेतली. ती घातली त्या पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर बाहीचं माप द्यायला मी उभी होते. सवयीने त्यांनी दोरा दातांत धरून हिसका दिला आणि कवळी दोऱ्याबरोबर बाहेर येऊन लोंबकळली.

मी हसले. पोट धरधरून हसले. बरं, तेवढ्यावर थांबावं? जिन्यात, जेवणाच्या टेबलावर, माहेरी, सासरी, बारा वर्षं मी तो किस्सा तिखटमीठ लावून सांगत आले. नक्कल मला झकास जमते, असं सगळे म्हणायचे. मावशींच्या ओठांत टाचण्या त्यानंतर आल्या, हे मात्र माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही.

गेल्या महिन्यात माझी अकरा वर्षांची लेक सायकलवरून पडली. पुढचा एक दात मुळासकट गेला, शोधूनही सापडला नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. इम्प्लांट म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. पण जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत ते करता येत नाही. ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात, पण त्यासाठी ते धडधाकट दात घासावे लागतात, या वयात ते नको. म्हणून सध्या एका दाताची छोटी कवळी.

दातांचा साचा घ्यायची वेळ आली आणि लेकीने तोंड घट्ट मिटलं. काही केल्या उघडेना. घरी आल्यावर म्हणाली, "वर्गात सगळ्यांसमोर बाहेर आली तर? मावशींची आली तशी? मग कुणीतरी माझी नक्कल करेल. तू करतेस तशी."

आठवडाभरात वर्गशिक्षिकेचा फोन आला. ही ओठांत पेन्सिल धरून बसते, काही विचारलं तर नुसतं "हं" म्हणते.

शेवटी लेकीला घेऊन मी मावशींकडे गेले. म्हटलं, "मावशी, कवळी अशी पडत नाही, हे जरा हिला तुम्ही सांगा ना."

मावशींनी टाचण्या एकेक काढून मशीनवरच्या छोट्या उशीत खोचल्या. "मी कशाला? बारा वर्षं तूच सांगतेयस की. छान रंगवतेस म्हणे."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मावशींनी बटणांच्या डब्यातून जुनी कवळी काढली आणि लेकीच्या तळहातावर ठेवली.

"दोरा ओढला म्हणून निघाली गं. एरवी कशाला निघतेय? आता मात्र बसतच नाही. दात नसले की खालचं हाड झिजत जातं."

"मग तेव्हाच परत का नाही घातली?" लेकीने विचारलं.

"तुझ्या आईला विचार."

"मी हसले म्हणून," मी म्हणाले. पुढे माफीचंही काहीतरी पुटपुटले, पण मावशींनी मशीन सुरू केलं होतं.

दुसऱ्या दिवशी लेक आपणहून दवाखान्यात यायला तयार झाली, मावशींनाही तिने बरोबर घेतलं. दारात मात्र म्हणाली, "आई, तू बाहेर थांब. मावशी येतील आत."

मी बाकावर बसले. डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "वा, एवढं मोठं तोंड उघडलंस! मावशी, आता तुमचंही बघूया." थोड्या वेळाने बंद दाराआड लेक आणि मावशी दोघी खळखळून हसल्या.

बाहेर आल्यावर, कशावर हसलात, हे विचारायचा मला धीर झाला नाही.