उत्तरसूचीतलं चढतं पाणी

ओपल स्टिडमबाईंना राग आला की त्या आधी चष्मा काढायच्या आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायच्या. त्या शुक्रवारी माझ्या टेबलासमोर उभं राहून त्यांनी तो इतका पुसला, की काच झिजते की काय असं मला वाटलं.

पूर्व केंटकीतल्या आमच्या दोन वर्षांच्या कॉलेजात मी गणित विभागाची कारकून. पेपर छापायचे, गुण चढवायचे, फायली लावायच्या. बाई तिथं एकोणीस वर्षं तासिकेवर शिकवत होत्या. त्याआधी अकरा वर्षं कोळशाच्या डोंगरावर मोजणीचं काम. आमच्याकडे डोंगराला एकाच उंचीवरून कडेकडेनं पायरी कापत नेतात आणि कोळसा उचलतात. ती पायरी कुठून जाणार त्याच्या खुंट्या बाई ठोकायच्या. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी समोच्च रेषा त्यांनी पुस्तकात पाहायच्या आधी बुटाखाली पाहिली होती. आणि मार्चच्या पावसात त्या पायरीवरचा गाळ कुठं उतरतो तेही पाहिलं होतं. रेषेला काटकोन करून, सरळ खाली, लिक फोर्क वस्तीतल्या घरांवर. त्यात त्यांच्या मावशीचं घर होतं. त्यावर त्या बोलत नसत.

वर्गात मात्र बोलायच्या. "डोंगरावर हुबं ऱ्हावा. एक पाऊल पूर्वेला टाका, किती चढला-उतरला ते बघा. परत जागेवर या. आता एक पाऊल उत्तरेला. दोन आकडे हातात आले. हेच तुमचे आंशिक अवकलज. पुस्तकानं उगा नाव जड ठेवलंय."

पेपर चारही कॉलेजांना एकच असे. काढायचे विभागप्रमुख डॉक्टर प्रेस्टन हॅल्कम, तपासायचा संगणक, त्यांनी दिलेल्या उत्तरसूचीवरून. सहावा प्रश्न आठ गुणांचा होता. एक डोंगर, त्याची उंची ६०० − २x² − ३y². x पूर्वेला, y उत्तरेला. माथ्यापासून दोन पूर्वेला आणि एक उत्तरेला अशा जागी पाणी ओतलं, तर ते कुठल्या दिशेनं निघेल?

बाईंनी माझ्याच टेबलावर, लिफाफ्याच्या पाठीवर गणित मांडलं. पूर्वेचा आकडा उणे आठ, उत्तरेचा उणे सहा. "ही चढाची दिशा. सगळ्यात खडा चढ. पाणी हिच्या उलट जानार. म्हंजे पूर्वेला आठ, उत्तरेला सहा. आता सूची बघ."

सूचीत होतं: उणे आठ, उणे सहा.

"ट्विलानं बरोबर लिवलं, तिचे आठ गेले. माज्याच वर्गातली पाच जणं उलटं करायचं इसरली, त्येंना पैकीच्या पैकी. ह्याला काय म्हनायचं गं?"

ट्विला नोबल चौतीस वर्षांची. दवाखान्यात डायलिसिसची यंत्रं सांभाळून शिकत होती. राज्याच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला तिची जागा ठरलेली होती, अट एकच: या विषयात ऐंशी. संगणकानं दिले होते पंच्याहत्तर. गुण संध्याकाळी पाचला बंद व्हायचे.

"डॉक्टर जेवायला बसलेत," मी म्हणाले. सत्र संपलं की आम्ही घरून एकेक पदार्थ आणून एकत्र जेवतो, त्याचाच तो दिवस होता.

"मंग जेवतानाच धरू."

डॉक्टरांच्या ताटात कुस्करलेल्या बटाट्यांचा चांगला ढीग होता. बाई समोर जाऊन बसल्या. "डॉक्टर, सहावं उत्तर चुकलंय तुमचं."

"ओपल, आधी जेवा."

"पानी डोंगरावर चढवलंय तुमी."

डॉक्टर हसले, शिकलेल्या माणसानं अडाण्याकडे पाहून हसावं तसे. "उणे आहे की तिथं. एक नाही, दोन आहेत. उताराला उणे लागतं, ते लागलेलं आहे."

"ते उताराचं न्हाई. माथा पश्चिमेला नि दक्षिणेला ऱ्हातो म्हनून आलंय. तुमाला उणे दिसलं, तुमी पेन खाली ठेवलं. अजून एकदा उलटं करायचं ऱ्हायलं."

"मी बावीस वर्षं हे शिकवतोय."

बाईंनी चष्मा काढला. पुसला नाही, टेबलावर ठेवला. मग डॉक्टरांचं ताट स्वतःकडे ओढलं आणि चमच्यानं बटाट्यांचा नीट डोंगर केला. वर दात कोरायची काडी खोचली. "हा माथा. तुमचा टाय तिकडं पूर्व. ही खिडकी उत्तर. दोन बोटं पूर्वेला, एक बोट उत्तरेला." तिथं बोटानं खळगा केला आणि डाव भरून रस्सा ओतला.

रस्सा डॉक्टरांकडे आणि थोडा खिडकीकडे असा निघाला, ताटाची कड ओलांडून त्यांच्या मांडीवर गेला.

"पुसू नका," बाई म्हणाल्या. "तुमच्या सूचीपरमानं तो माथा चढून पलीकडं जायला पायजे. जरा थांबा, वाटंत आसंल."

वेल्डिंग शिकवणारा कॉर्बेट म्हणाला, "डॉक्टर, बादली खाली धरू का वर?" टेबलभर लोक हसले. डॉक्टरांचा चेहरा बीटासारखा झाला.

"तुम्ही तासिकेवरच्या आहात, ओपल. हे विसरू नका."

"न्हाई इसरत. माजी खुंटी चुकली आसती तर लोकांच्या घरात गाळ गेला आसता. तुमची चुकली तर तुमी म्हनता जेवा."

 डॉक्टर नॅपकिननं मांडी घासत राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सहाव्याला सगळ्यांना आठ द्या. चारही कॉलेजांत. विषय संपला."

"चुकलं त्येंना बी?"

"सगळ्यांना."

"आन सूची?"

"सूची फाइलला आहे तशी राहील. मी माझी उत्तरं खोडत बसणार नाही. हे चालत नसेल तर ते आठही राहू द्या."

बाईंच्या हातात डाव होता. तो त्या फेकणार असं मला खरंच वाटलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून गेले होते.

"द्या आठ," त्या म्हणाल्या.

मी ट्विलाचे त्र्याऐंशी चढवले. चार वाजता बाई आल्या, फाइल मागितली. सूचीवर पेनानं दोन्ही उणे खोडले आणि खाली सही, तारीख घातली. मी ती तशीच कपाटात लावली. ऑगस्टमध्ये त्यांना एकच वर्ग मिळाला, तोही अपूर्णांकांचा. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

त्याच शुक्रवारी पाचच्या आत ट्विला धावत आली होती. हातात सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी. "बाई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"बरणी ने परत. कसले उपकार? तुजे आठ तुजेच व्हते. डॉक्टरनं भीक वाढल्यागत सगळ्यांच्या पानात वाढले, नि तुजंबी त्यातच मिसळलं."

ट्विला गोंधळली. "पण जागा तर मिळाली, बाई."

"मिळाली. जा तिथं. आन तिथं एखाद्या डॉक्टरनं पानी चढवलं, तर गप बसू नगंस." बाईंनी चष्मा काढला, सदऱ्याचं टोक शोधलं. "मी आज आठ घेऊन गप बसले."