छोट्या भाषांची खुर्ची

तीन आठवड्यांपूर्वी दापोलीहून इब्राहीमचाचांच्या मुलीचा, सलमाचा फोन आला. "अब्बा गेले..." एवढंच बोलली. चाचा यूएईतल्या रास अल खैमाच्या आमच्या टाइल्सच्या कारखान्यातून निवृत्त होऊन गावी गेले, त्याला दोन वर्षं झाली होती. तरी भट्टीकडे जाताना मी अजून त्यांना सलाम करायला हात उचलते.

मी पुण्याची, इथे सेफ्टी ऑफिसर. कारखान्यात कामगारांनी निवडलेली एक समिती आहे. सगळे तिला 'पार्लमेंट' म्हणतात. चाचा इथे होते तेव्हा तिच्यात हिंदी, मल्याळम, बंगाली आणि नेपाळी बोलणाऱ्यांचा एकेक प्रतिनिधी होता. मराठी आम्ही अकराच. चाचांना हिंदी फर्डी यायची, त्यांचं काही अडत नव्हतं. अडलं ते निमलचं. हा श्रीलंकेचा, सिंहली बोलणारा एकटाच. मशीन बंद करायची नवी पद्धत हिंदीत सांगितली, त्याने मान डोलावली, आणि दुसऱ्याच दिवशी त्याची बाही मशीनच्या पट्ट्यात गेली. हात वाचला, पण वर निष्काळजीपणाची नोटीस मिळाली.

चाचा ती नोटीस घेऊन माझ्या केबिनमध्ये आले. "बाय, त्यानं मान हलवली ती समजलं म्हणून नाय. लाज वाटली म्हणून. मीपण पहिलं वर्ष अशीच हलवलीय."

मग दोन महिने ड्यूटी सुटली की ते खोल्याखोल्यांतून फिरले. मराठी, पश्तू, तेलुगू, सिंहली... वेगवेगळे मूठभर, एकत्र केले तर त्रेसष्ट! नेपाळी बोलणाऱ्यांहून जास्त. प्रत्येकाने आपापल्या लिपीत सही केलेला अर्ज चाचांनी पार्लमेंटपुढे ठेवला : छोट्या भाषांना मिळून एक खुर्ची, पाळीपाळीने.

मल्याळींचे प्रतिनिधी कुरियन चिडले. "उद्या हरेक आदमी कुर्सी माँगेगा!"

"माँगने दो ना हबीबी," चाचा शांतपणे म्हणाले. "मशीन में हाथ तो हरेक का जाता है."

मतदान झालं. दोन बाजूने, एक विरुद्ध. सगळ्यांच्या नजरा कुरियनकडे... आणि त्यांचा हात बाजूने वर गेला. बाहेर दारात उभ्या असलेल्या लोकांनी असा जल्लोष केला, की सिक्युरिटी धावत आली.

पहिल्या पाळीसाठी त्रेसष्ट जणांनी चाचांनाच निवडलं. ते उभे राहिले आणि मराठीत बोलले. त्या खोलीत मराठी पहिल्यांदाच ऐकू आली. "पहिला मी बसलो तर लोक म्हणतील, ही मराठीची खुर्ची. पहिली पाळी निमलची." मी ते हिंदीत सांगितलं. निमल सिंहलीत बोलला. सिंहली जाणणाऱ्या एका तमिळ स्वयंपाक्याला चाचांनी भाषांतरासाठी आधीच बोलावून ठेवलं होतं. त्याच बैठकीत नोटीस रद्द झाली. चाचा मागे उभे राहून लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते.

आता त्या खोलीचा रिवाजच झालाय. छोट्या भाषांचा सभासद आधी आपल्या भाषेत बोलतो, पूर्ण बोलतो, मग भाषांतर. गेल्या बैठकीत पश्तू बोलणारा एक ड्रायव्हर उभा राहिला. चार मिनिटं त्याचा एक शब्द आम्हाला कळला नाही, पण कुणी मोबाइलकडे पाहिलं नाही. दुभाष्याने सांगितलं, "भट्टीपाशी थंड पाण्याची मशीन हवी."

"मंजूर," कुरियन सगळ्यांच्या आधी म्हणाले.