रशीद पेंटर यांच्या भिंतीबाबत

विषय : रशीद पेंटर यांस ओतूर येथील सरकारी गोदामाची भिंत चित्रासाठी मिळणेबाबत.

उपरोक्त विषयी निवेदन असे की, फायली मुदत संपली की नष्ट करता येतात. किश्श्यांना तशी सोय नाही. मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालो तरी रशीदभाईंचे साचतच आहेत.

रशीदभाई बोर्ड रंगवायचे. वाचनालयातून जुन्या संस्कृत नाटकांची भाषांतरं आणायचे आणि वाचलेलं सगळं गिऱ्हाइकाच्या बोर्डावर उतरवायचे.

*

राजुरीच्या एका बागायतदाराने ट्रॉलीमागे वाघ काढायला सांगितला. मिळाली झाडाखाली उभी असलेली नायिका.

"राव, वाघ कुठंय?"

"तिच्या डोळ्यांत बघा. दिसंल."

बागायतदार वाकून बघत राहिला. मग एक पाऊल मागे सरला!

*

सलूनवाल्याला हिरो हवा होता. रशीदभाईंनी राजा काढला, केस खांद्यापर्यंत.

"भाई, हे बघून कोण केस कापंल?"

"हा पहिल्या अंकातला राजा. कापायचं काम तुमचं!"

*

मग फ्लेक्स आले. रशीदभाईंचे बोर्ड एकेक करून झाकले गेले. हातही थरथरू लागला. एक दिवस माझ्याकडे आले.

"भाऊसाहेब, हात चालतोय तवर एक भिंत मिळवून द्या. कुनी झाकनार न्हाई अशी."

अर्ज मी लिहिला.

*

अर्जाला चित्राचा नमुना तीन प्रतींत जोडायचा होता. रशीदभाईंनी झेरॉक्स न काढता तिन्ही प्रती हाताने रंगवल्या. नवऱ्याची वाट पाहणारी नायिका.

खिडकीवरचे बाबू म्हणाले, "प्रती जुळत नाहीत. पहिलीत बाई हसतेय, तिसरीत रडतेय."

"साहेब, तिसरी प्रत व्हईस्तवर तिचा नवरा आला न्हाई."

*

नंतर त्रुटी निघाली : चित्रातील महिलेचे संमतिपत्र जोडलेले नाही.

मी म्हणालो, "बाई जुन्या नाटकातली आहे."

"मग नाटक कंपनीचा पत्ता द्या."

रशीदभाईंनी त्रुटीचा कागद घडी करून खिशात घातला. सोमवारी त्यांनी संमतिपत्र आणून दिलं. अक्षर बारीक, वळणदार, कुठेही न थरथरलेलं :

"माझी हरकत नाही. मात्र ते परत आले, तर मी या भिंतीवर आहे, एवढं त्यांना कळवावं."

खाली नायिकेची सही.

बाबूंनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसला. आवक नंबर टाकला.

सही पडताळणीसाठी वरच्या कार्यालयात पाठवली आहे. अर्ज प्रलंबित आहे.