सुमनचा टाक

हे मी यांना सांगितलेलं नाही, मुलीला नाही, आई होती तोवर तिलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या घरी कधी चहाला येणार नाही. आलात तर देवघराकडं बघाल — आणि मग मला तुमच्याकडं बघवणार नाही.

यांची नोकरी कालव्याच्या कामावरची. आज शिरवळ, उद्या वाई, मग विटा, मग पुन्हा कोरेगाव. अकरा घरं बदलली आम्ही. नात्यात कुणी बदलीला वैतागलं की त्याला माझ्याकडं धाडतात. ‘वहिनीला विचार, ती कुठंही रमते.’ आणि मीही तोंड भरून सांगते — आधी दूध उतू घालवायचं, दाराशी तुळस ठेवायची, शेजारणीकडं विरजण मागायला जायचं, पंधरा दिवसांत घर आपलं होतं.

डोंबलाचं होतं! पहिल्या आठ घरांत मी हे सगळं इमानेइतबारे केलं. एकाही घरात मला करमलं नाही.

न करमणं म्हणजे रडणं नव्हे हो. रडायला तरी काही झालेलं असावं लागतं. हे कामावर गेलेले, मुलगी शाळेत, भांडी घासून पालथी घातलेली, आणि घड्याळात दीड. पाणी प्यायला उठावं तर पाय आधीच्या घरातल्या माठाच्या कोपऱ्याकडं जायचे. तिथं भिंत असायची. त्या भिंतीसमोर पेला घेऊन मी किती वेळ उभी राहायचे, माझं मला माहीत.

नववं घर पलूसचं. मालकांनी मळ्यात नवा बंगला बांधला होता, म्हणून गावातलं जुनं घर भाड्यानं दिलं. दसऱ्याच्या आधी घर झाडायला काढलं, तेव्हा स्वयंपाकघरातल्या देवळीची फळी मी उचकटली. त्याच देवळीत पूर्वी त्यांचे देव होते. फळीच्या मागं, फटीत, एक टाक अडकला होता.

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती, अंगठ्याएवढी. आमच्याकडं गेलेल्या माणसाचाही करतात आणि देवांत बसवतात. हा बाईचा होता. डोक्यावरून पदर, कपाळावरचं कुंकू काळं पडलेलं. कुणाचा ते मला तिथंच कळलं. शेजारणीनं आल्या आल्याच सांगितलं होतं, मालकिणीची थोरली सून सुमन तापानं गेली, माझ्याच वयाची होती, मग मुलाचं दुसरं लग्न केलं. मळ्यात जाताना देव ताम्हणात घालून, वर खण झाकून नेले होते. हा तेवढा निसटून मागं राहिला.

उद्या नेऊन देऊ म्हणून चिंचेनं घासला आणि रात्रीपुरता आमच्या देवांत ठेवला. खरंच सांगते, उद्याच देणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसले. आणि — कसं सांगू? मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी कुणीतरी तांदूळ निवडत बसलंय असं वाटलं. दिसलं नाही काही. पण सुपात दाणे सरकतात ना, तेवढाच आवाज. भीती वाटायला हवी होती, नाही का? मला भूक लागली. कित्येक महिन्यांनी मी दोन भाकरी खाल्ल्या, हात धुतले आणि तिथंच भिंतीला टेकून झोपले.

मग रोजच. घरात मी शाम्पू वापरते, पण न्हाणीत शिकेकाईचा वास यायचा. एकदा गॅसवर दूध विसरून बाजारात गेले, धावत परत आले तर गॅस बंद, दुधावर साय धरलेली. मीच बंद केला असेल. असेल ना? बाजारातून येताना मी वाटेतच मनात ठरवायला लागले, आज घरी गेल्यावर काय काय सांगायचं. कुणाला सांगायचं होतं मला? घर रिकामं होतं. पण मला पहिल्यांदा घाई व्हायची घरी जायची.

उद्या देऊ, परवा देऊ, असं करत महिना गेला.

मग मालकीण आली. आक्का म्हणायचो आम्ही तिला, सत्तरीची, गुडघ्यांनी वाकलेली. आली ती सरळ देवळीपाशी. फटीत बोटं घालून चाचपायला लागली.

“पोरी, झाडताना काय गावलं का गं? आमची थोरली हितंच ऱ्हायलीया बघ.”

तुम्ही म्हणाल, त्याच क्षणी द्यायचा होता. बरोबर आहे तुमचं. मी म्हणाले, “नाही बाई, काही नव्हतं.” एवढ्या सहज म्हणाले की माझं मलाच नवल वाटलं.

मग ती बसली आणि बोलत राहिली. धाकटी सून, त्याच मुलाची दुसरी बायको, नवी साडी आणली की आधी थोरलीच्या टाकापुढं ठेवायची, तिला दाखवायची, मग घडी मोडायची. सवतीचा मान असतो तो. टाक हरवला तसं पोरीनं नवं नेसणंच सोडलंय. मी म्हणाले, “नवा करून घ्या की सोनाराकडून.” त्यावर ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जसं काही मीच खुळी आहे.

“नवा कसा करू? ती कुटंतरी वाट बघत बसली आसंल. दोन ठिकाणी कशी बसवू तिला?”

उठताना म्हणाली, देवाला हात जोडून जाते. मी पाणी आणायचं निमित्त करून तिच्या आधी आत गेले आणि टाकावर झेंडूचं फूल ठेवलं. आक्का आली. माझ्या देवांपुढं डोळे मिटून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “माझी सुमन गावू दे, बाबा.”

हातभर अंतर होतं मध्ये. एक फूल.

ती गेली. मी फूल उचललं नाही संध्याकाळपर्यंत.

पलूसहून सांगलीला आलो. सगळं सामान टेम्पोत, टाक माझ्या पोलक्यात. सांगलीच्या घरात पहिल्याच दुपारी उंबऱ्याशी दाणे सरकले, आणि ते घर माझं झालं. दूध उतू घालवलंच नाही मी. आता साताऱ्यात स्वतःचा फ्लॅट आहे, तिसऱ्या मजल्यावर. उंबरा नावालाच आहे. तरी ती बसते.

यांनी कधी विचारलं तर सांगायचं ठरवून ठेवलंय, माहेरचा टाक आहे. त्यांनी कधी विचारलंच नाही.

गेल्या उन्हाळ्यात सांगलीला एका लग्नात पंगतीत शेजारी एक बाई बसली. मी ओळखलं नाही, तिनंच ओळखलं. आक्काची धाकटी सून. लग्नाच्या मांडवात सगळ्या बायका झगमगत होत्या आणि हिच्या अंगावर धुऊन धुऊन पांढुरकी झालेली साडी. म्हणाली, “आक्का गेल्या पौषात. शेवटाला समोरचं माणूस वळकीत न्हवत्या, पर उशाखाली हात घालून चाचपायच्या. आन् माज्या कपाटात साड्या हायत लय, म्हायेरच्या, पोराच्या बारशाच्या. समद्या घडीतच.” आणि हसली. चांगली बाई आहे हो. माझ्या पानात स्वतःच्या हातानं जिलेबी वाढली तिनं.

आणि मी तिला काय म्हणाले? “साधं राहिलेलंच बरं असतं.”

टाक परत करायला मला फार तर तीन तास लागतील. पत्ता माहीत आहे, एसटी दारावरून जाते. विसरले नाही, जमलं नाही असंही नाही. मला द्यायचा नाहीये. ती गेली की ही फरशी, ह्या भिंती, दुपारचा दीड — परत ते सगळं मला नको आहे. त्यासाठी एक बाई सोळा वर्षं जुनं नेसतेय आणि एक म्हातारी चाचपत मेली, हे मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही मी नीट जेवते.

त्या लग्नापासून एक झालंय. रात्री टाक मी गणपतीला टेकवून, माझ्याकडं तोंड करून ठेवते. सकाळी तो दाराकडं तोंड करून असतो. खिडकी बंद असते, घरात मांजर नाही.

आजही तसाच होता. मी त्याला परत वळवला, कुंकू लावलं, वर फूल ठेवलं. म्हटलं, “बस गं सुमन. चहा टाकते.”